साडेसहा फुटी कपाट, अडीच फुटी जिना

गणितात 'मूव्हिंग सोफा' नावाचा एक प्रश्न आहे. एक मीटर रुंदीचा बोळ काटकोनात वळतो. त्यातून न उचलता, न मोडता, नुसता सरकवत नेता येईल असा मोठ्यात मोठा सोफा केवढा? लिओ मोझरने हे 1966 मध्ये विचारलं. 1992 मध्ये जोसेफ गर्व्हरने जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरसारखा दिसणारा एक आकार दिला, क्षेत्रफळ सुमारे 2.2195 चौरस मीटर. याहून मोठा सोफा शक्य नाही, याची सिद्धता जिनिऑन बेकने मांडली ती थेट 2024 मध्ये. म्हणजे 58 वर्षं! तेही कागदावर, जिना नाही, कठडा नाही, भिंतीवर लाइटचे मीटर नाहीत आणि वरून सूचना देणारी आजी नाही.

आजीची खोली गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा ती ठाण्याला माझ्याकडे यायला तयार झाली, पण कपाटासकट. आपल्याकडे कुठलंही लोखंडी कपाट 'गोदरेज'च असतं, हे मात्र खरंच गोदरेजचं. उंची 78 इंच, रुंदी 36, खोली 19. आजोबांनी हप्त्यांनी घेतलेलं.

मी टेप घेऊन जिना मोजला. रुंदी अडीच फूट, वळणावरची जागा पाच फूट बाय अडीच, डोक्यावर वरच्या जिन्याची लाकडं. लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल केलं, कपाट सगळ्या कोनांतून फिरवून पाहिलं. बाहेर निघत नव्हतं. मग आत आलं कसं?

"गॅलरीतून," आजी म्हणाली. "विचारायचंस ना."

हमालांचे मुकादम, सगळे त्यांना मामा म्हणत होते, वर येताना वळणावर क्षणभर थांबले, हाताने वीत टाकली आणि म्हणाले, "जिन्याने नाय होणार. दोर काढा." माझ्या मॉडेलला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या, दारं चिंध्यांनी बांधली, वरून गोधडी आणि गोणपाट. कठड्यावर गादी टाकली. मामांनी गॅलरीतले खांब बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. पहिला पोकळ वाजला, तो सोडला. दुसऱ्या खांबाला दोराचे दोन वेढे दिले. इंजिनीअरिंगला बेल्ट फ्रिक्शनचं सूत्र मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. घर्षणांक 0.3 धरला, तर दोन वेढ्यांमुळे एका बाजूच्या एक किलोच्या ओढीने दुसऱ्या बाजूचे चाळीसेक किलो पेलले जातात. समोर दोन माणसं बोलत बोलत दोर सोडत होती आणि कपाट खाली उतरत होतं. सूत्र पहिल्यांदा कळलं.

खाली टेम्पोत कपाट चढलं. मामा म्हणाले, "आता आजी."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आजी दोन वर्षं खाली उतरली नव्हती. गुडघे हे कारण आम्ही सगळ्यांना सांगायचो. 2014 मध्ये आजोबांना रात्री छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स आली, पण स्ट्रेचर त्या वळणावर अडकला. उभा करावा तर माणूस घसरतो, आडवा वळत नाही. शेवटी चादरीच्या झोळीतून चौघांनी नेलं. आजोबा दवाखान्यात पोचले, परत आले नाहीत. ती दहा मिनिटं वाचली असती तर काय झालं असतं, हे आमच्या घरात कुणीही मोठ्याने विचारलेलं नाही.

"मला दोराने नको हं," आजी म्हणाली. सगळे हसले.

मामांनी हातांची लाकडी खुर्ची घेतली, पट्ट्याने आजीला बांधलं. एक माणूस पाठीमागे, एक पायाशी. वळणावर त्यांनी खुर्ची मागे कलती केली, आजीचे पाय आत दुमडले आणि खुर्ची जागच्या जागी फिरली. फार तर पाच सेकंद.

"स्ट्रेचर नाय वळत इथं," मामा सहज म्हणाले. "खुर्ची वळते."

बाबा खालच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ते ऐकलं. आजीनेही.

ठाण्यातलं सोपं होतं. लिफ्टचं दार दोन मीटर उंच, कपाट 198 सेंटीमीटर. उभं, कडेने गेलं. खोलीत माळ्याखाली उंची सात फूट, म्हणजे 84 इंच. कपाट रुंदीच्या बाजूने उठवलं असतं तर कर्ण जवळपास 86 इंच, अडकलं असतं. पाठीवरून उठवलं, कर्ण 80 इंच, उभं राहिलं. हे गणित मी तोंडाने केलं, मामांनी डोळ्याने, उत्तर एकच आलं.

त्याआधी लिफ्टमध्ये आजी आत जाऊन उभी राहिली होती. मोठी लिफ्ट, सामानाची. तिने मागच्या भिंतीपासून दारापर्यंत हाताने मोजलं. दोन हात, तीन, साडेतीन. वॉचमन बघत राहिला.

"काय मोजतेस?" मी विचारलं.

"आडवं माणूस मावेल," ती म्हणाली. "चल, कपाट घ्या आत."