पूर्णेला दिलेली माय

मुलीकडे अमेरिकेला गेलो की सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून मी हिंडत राही. शाळेच्या पिवळ्या बसची वाट पाहणारी पोरं, अंगणातली पानगळ दाताळ्यानं ओढणारे म्हातारे, लॉन्ड्रीच्या दारातून येणारी साबणाची ऊन वाफ, असं काहीबाही टिपता टिपता, मित्रा, पावलं हमखास एखाद्या दफनभूमीकडे वळत. तिथं नुकत्याच कापलेल्या गवताचा ओला वास असे, आणि कधी कुणी एकटी बाई घडीची खुर्ची उघडून आपल्या माणसाच्या दगडाशी हळू आवाजात बोलत बसलेली दिसे. तिच्याकडे कॅमेरा वळवावासा कधी वाटला नाही.

अशाच एका दुपारी हडसनकाठच्या पकिप्सीत आनंदीबाई जोशींच्या दगडापाशी पोचलो. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशी पुरी व्हायच्या आत, पुण्यात गेलेली ही पोर. तिच्या नवऱ्यानं, गोपाळरावांनी, तिची रक्षा समुद्रापार पाठवली आणि जिला ती मावशी म्हणायची त्या कार्पेंटरबाईंनी ती आपल्या घरच्यांच्या शेजारी पुरली. उन्हानं कोमटलेल्या त्या दगडावर हात ठेवला आणि मला माय आठवली.

मायला दगड नाही. गांधीग्रामला आम्ही तिला पूर्णेच्या पाण्यात सोडलं, जिथून श्रावणात कावडी भरून लोक अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघतात. फोटोंतही ती फारशी नाही; "माहा फोटो काहून काढून राह्यला रे बाबू?" म्हणत पदर तोंडावर घ्यायची, म्हणून माझ्याजवळ उरलं ते भाकर थापणारं मनगट, बांगड्या कोपराकडे सारणारी बोटं, चुलीमागच्या भिंतीवरची सावली. बाकीची ती अकोटच्या हवेत आहे, जिनाकडून येणाऱ्या सरकीच्या तेलकट वासात, कळण्याच्या भाकरीच्या खरपूस कडेत, अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडताना उठणाऱ्या चर्र आवाजात.

त्या खुर्चीवरच्या बाईला आपलं माणूस कुठं भेटेल हे ठाऊक असतं. मायची नि माझी भेट ठरलेली नसते. आठवडी बाजारात अंबाडीची जुडी हातात घेतली की ती अवचित येते, आणि चालू असलेला भाव तसाच सोडून मी मागतील तेवढे पैसे देऊन टाकतो.