राखोलीचा पूल ओलांडून

नगर हवेलीतल्या सिल्वासाहून खानवेलकडे निघालेली जीप राखोलीला दमणगंगेच्या पुलावर आली, की आतली माणसे बोलता बोलता बाहेर बघू लागतात. मागे कारखान्यांचे पत्रे, धाग्याच्या गिरण्या, पाळी सुटलेले कामगार. पुढे झाडी आणि डोंगर. मध्ये नदी. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी सुमारे १३१ किलोमीटर चालून दमणला समुद्रात शिरते.

राखोलीच्या वरच्या अंगाला मधुबन धरण आहे. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांचे पाणी नगर हवेली, वलसाड जिल्हा आणि दमणच्या शिवारांत जाते. कालवा म्हटला की आपल्याला पाटकरी आठवतो, पाण्याची पाळी आठवते, रात्री कंदील घेऊन दारे धरायला गेलेला शेतकरी आठवतो. होडी आठवत नाही.

इंग्लंडात कालवे खणले गेले तेच मुळी होड्यांसाठी. अठराव्या शतकात काठावरून चालणारे घोडे कोळशाने भरलेल्या लांबट होड्या ओढत. पुढे रेल्वेने आणि मग मालमोटारींनी तो माल पळवला, आणि रिकाम्या होड्यांत हळूहळू माणसे राहायला आली. जेमतेम सात फूट रुंदीचे घर. वेग ताशी चार मैलांच्या आत. ज्या होडीला कायमचा धक्का नाही, तिला एका जागी सलग चौदा दिवसांहून अधिक थांबता येत नाही, असे १९९५ चा तिथला कायदा सांगतो. त्यामुळे जोडीदार होड्या पुढे-मागे निघतात, नव्या गावाशी दोर बांधतात. कुणी होडीतूनच चीज किंवा जुनी पुस्तके विकतो, कुणी व्हायोलिन घेऊन बाजारात उभा राहतो.

नगर हवेलीत हे सारे आहे, फक्त मांडणी वेगळी आहे. इथे होडी कालव्यात नसून धरणामागच्या जलाशयात आहे, आणि गावोगाव फिरतो तो बाजार.

सिल्वासापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या दुधनीला रंगीत छताचे शिकारे काठाला लागलेले असतात. सुट्टीच्या दिवशी मित्रांची टोळकी येतात, गाद्यांवर रेलतात, आणि काठ मागे पडला की कुणीतरी गाणे काढतो. पाण्यावर आवाज लांब जातो. समोरच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या पोरालाही तो ऐकू येत असेल. पण ज्या पाण्यावर ही होडी चालते, त्याखाली शेते होती, घरे होती. धरणासाठी इथल्या आदिवासी कुटुंबांना उठावे लागले. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाची माती उघडी पडते. शिकाऱ्यातल्या पाहुण्याला हे कुणीतरी सांगायला हवे. त्याने त्याची सहल बिघडणार नाही. तो जरा हळू आवाजात गाईल, एवढेच.

बाजाराची गोष्ट निराळी. आज या गावी, उद्या त्या गावी असा आठवडी बाजार वाराप्रमाणे सरकतो, आणि बांगडीवाला, सुक्या बोंबलाची पाटी घेऊन बसणारी बाई, टोपल्यावाला, मडकीवाला हा सगळा गोतावळा त्याच्याबरोबर सरकतो. वारली, कोकणा, धोडिया, कातोडी माणसे डोंगरातून उतरतात. वारली, गुजराती, मराठी, हिंदी एकाच सौद्यात कालवल्या जातात. मीठ-मिरची घ्यायची असतेच, पण लेक दिलेल्या गावचे कुणी भेटते का, हेही बघायचे असते.

या माणसांचे वाद्य तारपा. वाळवलेला दुध्या भोपळा, त्यात खोवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजवायला मेण. तारपकरी नाकाने श्वास घेत राहतो आणि गालांत साठवलेली हवा सोडत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. नवे भात हाती आले की तो वाजू लागतो. तारपकरी मध्ये, भोवती कमरेला हात घालून बाया-बाप्ये फेर धरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा नेम. जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांतला तो चक्राकार नाच हाच. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी उभा जन्म तारपा वाजवण्यात आणि घडवण्यात घालवला. २०२६ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या प्रदेशाचे संगीताशी आणखी एक नाते आहे, आणि मराठी वाचकाने ते विसरू नये. १९५४ साली नगर हवेली पोर्तुगिजांकडून सोडवणाऱ्यांत सुधीर फडके होते. मोहिमेला पैसा हवा होता, तेव्हा लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम करून निधी जमवून दिला. २ ऑगस्टला, ऐन पावसात, सिल्वासा मुक्त झाले. पुढच्याच वर्षी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून घराघरांत ‘गीतरामायण’ ऐकू येऊ लागले. पण त्याआधी फडक्यांचा तो आवाज या मातीसाठी झिजला होता.

आज तारपा सरकारी महोत्सवाच्या मंचावर वाजतो, पाहुण्यांसमोर तासाभरासाठी वाजतो. वाजावा, त्यातून चार पैसे मिळतात. पण त्याला हाटात हक्काची जागा मिळावी. मंच नको, लाउडस्पीकर नको. चिंचेखाली फेर धरण्यापुरते अंगण आणि सोबतीला चार दोस्त पुरेत. तिथे ऐकणाऱ्याला फेरात शिरता येते. मिरची घ्यायला आलेली बाई पाटी खाली ठेवून दोन फेऱ्या नाचून जाईल, तो क्षण मंचावर कसा येणार?

तिन्हीसांजेला बाजार मोडतो. जीप खच्चून भरते. एखाद्या म्हाताऱ्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तारपा असतो. दिवसभर त्याने तो उन्हापासून जपलेला, मेण मऊ पडून सांधे सुटू नयेत म्हणून. शेजारचा पोरगा अंग आक्रसून कर्ण्याला जागा करून देतो. रस्त्यावर खड्डा येतो, गाडी उसळते, आणि एकाच वेळी तीन हात त्या भोपळ्यावर येतात.