जामीनदाराची सही

2022 च्या मार्च महिन्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास धाकटा भाऊ मोटारसायकलवरून माझ्या तालुक्याच्या खोलीवर आला. जेवला नाही. पाणी प्यायला आणि म्हणाला, "दादा, मी नादारी घेतो."

आमची सांगोला तालुक्यात साडेतीन एकर जमीन. त्यात डाळिंबाची बाग लाव असे त्याला सांगणारा मीच. कृषी खात्यात तीस वर्षे काढलेला, बी.एस्सी. झालेला थोरला भाऊ सांगतो म्हटल्यावर त्याने भगवा लावला. पहिले तीन बहार चांगले निघाले. मग तेल्या आला, त्यातून सावरतो तोवर पिन होल बोररने खोडेच पोखरली. झाडे उपटून बांधाला टाकली त्या दिवशी मी तिथे होतो. सगळ्या गावाला सल्ला देणारा माणूस, पण त्या दिवशी मला बोलता आले नाही.

त्या रात्री मी वहीचा कागद काढला. म्हटले, आधी सगळे देणे लिहू. वाचकहो, हे काम वाटते तितके सोपे नाही. माणूस एक आकडा सांगतो, मग थांबतो, मग खाली बघत दुसरा सांगतो. बारा वाजेपर्यंत कागद भरला. विकास सोसायटीचे 1 लाख 40 हजार. बाग, ठिबक आणि शेततळ्यासाठी बँकेचे 5 लाख 80 हजार, जमीन गहाण, जामीनदार मी. कृषी सेवा केंद्राची उधारी 1 लाख 35 हजार. पाहुण्यांकडून हातउसने 90 हजार. आणि शेवटी, बायकोलाही न सांगितलेले, गावातल्या एकाकडून व्याजाने घेतलेले 2 लाख, ज्यापोटी दुसऱ्या गटातले वीस गुंठे चक्क खरेदीखत करून दिलेले. एकूण 11 लाख 45 हजार.

मी म्हणालो, "नादारी नको. घराण्याचे नाव जाईल."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, तुमची सही हाय म्हणून म्हणताय का हे?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. शेवटी म्हणालो, "होय, तेही आहे." मग ठरवले की हा निर्णय मी सांगायचा नाही, वकिलाकडे जायचे. वकीलसाहेब जाणते. त्यांनी आधी मलाच बाहेर बसवले. "तुम्ही जामीनदार. तुमचे हित वेगळे," म्हणाले. राग आला, पण बोलणे खरे होते. तासाभराने आत बोलावले.

त्यांनी सांगितले ते असे. आपल्याकडे मुंबई शहर सोडून बाकी ठिकाणी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. 2016 साली नवा कायदा झाला, पण त्यातला साध्या माणसाच्या नादारीचा भाग तेव्हा लागू झालेला नव्हता. पाचशे रुपयांवर देणे असेल आणि ते फेडता येत नसेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. सगळे देणे आणि सगळी मालमत्ता खरी लिहून द्यावी लागते. कोर्टाने नादार ठरवले की बिनतारण देणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, लागणारी जनावरे, बियाणे, भांडीकुंडी, अंथरूण यांना जप्ती लागत नाही. नादारीतही ते त्याचेच राहते.

हे ऐकून भाऊ सावरला. पण पुढे ऐकले तेव्हा पुन्हा खाली बघू लागला. ज्याच्याकडे जमीन गहाण आहे, त्याचा हक्क नादारीने जात नाही. नादार माणूस पुढे सुटला तरी जामीनदार सुटत नाही. सुटका होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये उधार घेतले तरी गुन्हा. म्हणजे बँक आणि सोसायटी जागच्या जागी, माझी मान अडकलेली, आणि खताच्या पोत्यालाही उधारी नाही.

कोणीतरी त्याला जमीन बायकोच्या नावावर कर असे शिकवले होते. वकील म्हणाले, असे फुकट केलेले हस्तांतर दोन वर्षांच्या आतले असेल तर कोर्ट रद्द करू शकते, आणि माणूस लबाड ठरतो तो वेगळाच.

खरी वाट निघाली ती त्या लपवलेल्या 2 लाखांत. त्या माणसाकडे सावकारीचा परवाना नव्हता. 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे, बेकायदा सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. (1875 साली सुप्याला आपल्या लोकांनी सावकारांची खते जाळली. आज अर्ज करावा लागतो, एवढाच काय तो फरक.) अर्ज केला. सुनावणीआधीच तो गृहस्थ घरी आला, चहा घेतला आणि मुद्दल घेऊन खत उलटवायला तयार झाला.

बँकेच्या संमतीने रस्त्याकडेचे तीस गुंठे विकले, एकरकमी तडजोड केली. कमी पडले ते मी भविष्य निर्वाह निधीतून उचलले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. घरात त्यावरून दोन महिने अबोला होता, तो लिहीत बसत नाही.

आमचे हिशेब असे बसले म्हणून नादारी टळली. आमच्याच बाजारपेठेतल्या एका लहान व्यापाऱ्याचे सगळे देणे बिनतारण होते, जामीनदार कोणी नव्हता, जमीन नव्हती आणि फेडायला काही उरलेले नव्हते. त्याने नादारी मागितली. लोक नाके मुरडत होते, त्यात पूर्वी मीही होतो. आता त्याच्या दुकानावरून जाताना मी थांबतो, चौकशी करतो.

भावाने यंदा बाजरी आणि दोन एकर तूर केली आहे. डाळिंबाचे नाव तो काढत नाही, मीही काढत नाही. तो कागद त्याने देवघराच्या कपाटात ठेवला आहे. एकेक देणे फिटले की भावजय त्यावर पेनाने रेघ मारते. कृषी सेवा केंद्राचे 40 हजार आणि सोसायटीचा एक हप्ता अजून राहिला आहे. सर्वांत खाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे, "दादांचे 2 लाख 10 हजार."