वुडवर्ड रस्त्यावरील जत्रा

डेट्रॉइटहून पाँटियाककडे जाणाऱ्या वुडवर्ड रस्त्यावर १९०९ सालीं मैलभर काँक्रीट घातलें गेलें. १९९५ पासून ऑगस्टांत तेथें जुन्या मोटारींची जत्रा भरते. आम्ही ती पाहावयास गेलों आणि १९६८ च्या एका डॉज चार्जरपाशींच रेंगाळलों.

गाडी वडिलांची, डॅशबोर्ड मुलीनें स्वतः उतरवून दुरुस्त केलेला. मूळच्या अँमीटरमधून बॅटरी भरणारा सारा विद्युत्प्रवाह फिरून जात असे. सांधे सैल झाले कीं ते तापत व तारा पेटण्याचें भय असे. बाईंनीं तारा बदलून व्होल्टमीटर बसविला, पण तबकडी जुन्याच धाटणीची ठेविली. शेजारच्या गाडींत चकचकीत पडदा होता. आम्हांस तो मुळींच रुचला नाहीं.

स्पीडोमीटरचा कांटा मात्र निश्चल होता. वेग दाखविण्यास खालीं उपग्रहाच्या आधारें चालणारा लहानसा मीटर लाविला होता. आम्ही कारण पुसलें. वडील वारल्यावर बाईंनीं केबल मुद्दामच सोडविली होती. ती जोडतांच मैलांचे आंकडेही पुढें सरकणार! भावाला हा वेडेपणा वाटतो, असें त्या हंसून म्हणाल्या. आम्ही वांकून आंकडा वाचला: ७१,४०६.