वळा ना, बाबा!

परवा रात्री मी सतरा वेळा मेलो आणि चिरंजीव शेजारी बसून हसत होते.

गैरसमज नको. हे मरण ‘युरिडियम’ नावाच्या खेळातले. इंग्लंडातल्या अँड्र्यू ब्रेब्रुक या गृहस्थांनी १९८६ साली तो ‘कमोडोर ६४’ या घरगुती संगणकासाठी रचला. त्या संगणकाची स्मृती अवघी ६४ किलोबाइट! आता चिरंजीवांच्या लॅपटॉपवर त्या जुन्या यंत्राची नक्कल चालते.

पडद्यावर एक अवाढव्य अवकाशनौका पसरलेली असते. जस्त, शिसे, तांबे अशी धातूंची नावे मिरवीत एकामागून एक पंधरा नौका येतात. ‘मांटा’ हे आपले चिमुकले विमान त्यांच्यावरून उडवायचे, दिसेल ते फोडायचे आणि खूण मिळताच नौकेच्या धावपट्टीवर उतरायचे. शत्रूची विमाने एक वेळ परवडली. पण नौकेवरच्या उंच भिंती! धडकलात की कारभार आटोपला.

मी आपला नाकासमोर जात होतो आणि धडकत होतो.

“अहो बाबा, वळा ना!”

अशा पुष्कळ खेळांत पडदा एकाच दिशेने सरकतो. इथे मात्र वाटेल तेव्हा मागे फिरता येते. विमान हवेतच झोकदार कोलांटी घेते आणि उलट दिशेला सुसाट सुटते.

‘वळा’ हा शब्द मला जरा झोंबला. आठवड्यापूर्वीच चिरंजीवांनी अभियांत्रिकी सोडून इतिहास घेण्याची गोष्ट काढली होती. “एकदा पाऊल टाकले की माघार नाही,” असे मी सुनावले होते. तेव्हापासून आमचे संभाषण ‘मीठ दे’ यापलीकडे गेले नव्हते. हा खेळदेखील सौभाग्यवतींनी घडवून आणलेला तह!

अठराव्या खेपेस भिंत दिसताच मी वळलो. काय सुरेख वळलो म्हणून सांगू! आणि लगेच समोरून आलेल्या शत्रूने मला टिपले.

“मेलात,” चिरंजीव म्हणाले, “पण वळलात छान.”

मी लॅपटॉप मिटला. वीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवणाऱ्या माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणालो,

“तुला एक सांगायचे राहून गेले आहे. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा एक दिवस तुझ्या आजोबांसमोर जाऊन उभा राहिलो...”