चाकोरीबाहेरचें घर

घराचा कंटाळा आणि घराची ओढ हीं जुळीं भावंडें आहेत; एकाला घेऊन निघावें तों दुसरें मागें लागतेंच. सुटी लागतांच मनुष्य घराबाहेर पडतो, आणि बाहेर पडतांना अंथरूण, तांब्या, लोणच्याची बरणी हें सारें बरोबर बांधून घेतो. ही दुहेरी वृत्ति ज्याच्या ठिकाणीं पराकोटीस पोंचते तो शेवटीं घरालाच चाकें लावतो. इंग्लंडांत विल्यम गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या आरमारांतील एका शस्त्रवैद्यानें १८८५ सालीं असेंच केलें. ब्रिस्टल येथील कारखान्यांत त्यानें दोन घोड्यांची एक घरगाडी बांधवून घेतली, तिचें नांव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी, असें ठेविलें, आणि ती घेऊन तो थेट स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेला. पुढें घोडे गेले, मोटार आली. आणि १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मोटारीमागें जोडावयाच्या लहानमोठ्या घरगाड्यांची जणूं सांथच पसरली. दुसऱ्या महायुद्धांत जीपमागें ओढण्यासाठीं पाव टन भाराची दुचाकी जोडगाडी निघाली. रस्ता नसला तरी चालेल, असा धीर हौशी मंडळींना तिनें दिला.

हा इतिहास आम्हांस तरुणपणापासून ठाऊक होता. पण प्रत्यक्ष जोडगाडी बांधण्याचा योग आला तो पन्नाशी उलटल्यावर. चंद्रपुरांतील आमच्या अंगणांत लोखंडी सांगाडा येऊन पडला तेव्हां स्नेह्यांनीं नाना तर्क केले. निवृत्तीला अवकाश असतांच आम्हांला वानप्रस्थ आठवला, असा एका सहकाऱ्यांनीं निकाल दिला. दुसऱ्यांनीं “आतां ताडोब्याच्या रानांत मुक्काम का?” असें विचारलें. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत राहणाऱ्यानें हा प्रश्न विचारावा याचें नवल वाटतें. राखीव जंगलांत विनापरवाना शिरणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें अपराध आहे. ताडोब्याचें राष्ट्रीय उद्यान १९५५ मधील आणि व्याघ्रप्रकल्प १९९५ मधील. तेथें आपल्या मर्जीस येईल त्या झाडाखालीं बिऱ्हाड थाटण्याची सोय नाहीं, आणि ती नसावी हेंच योग्य. गडचिरोलीच्या बाजूस तर २०२१ पासून रानटी हत्तींचाहि वावर सुरू झाला आहे. मोहाचीं फुलें वेंचावयास किंवा तेंदूचीं पानें तोडावयास पहांटे रानांत जाणाऱ्या बाईला वाघाचें भय म्हणजे काय, हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. पोटासाठीं माणसें जेथें जीव मुठींत धरून जातात, तेथें भरल्या पोटीं एकांताची चैन करावयास जावें, हें आम्हांला कधींच रुचलें नाहीं.

आमची गाडी एकांतासाठीं नव्हती, जत्रेसाठीं होती. आणि आमच्यासाठीं नव्हती, आईसाठीं होती.

आमच्या मातोश्रींना गेल्या वर्षीं ब्याऐंशीवें लागलें. त्यांचें माहेर चामोर्शीच्या बाजूचें. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला १९८२ सालीं. त्यांच्या बाळपणीं सारा मुलूख चांदा जिल्ह्यांतच मोडत असे. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या तीरीं मार्कंडादेवाचें प्राचीन देवालय आहे. एरवीं दक्षिणेस वाहणारी वैनगंगा येथें वळण घेऊन उत्तरेकडे वाहूं लागते, म्हणून लोक या स्थानास विदर्भाची काशी म्हणतात. भिंतींवर मूर्तींची अशी दाटी कीं हात ठेवावयास जागा सांपडूं नये. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं एकोणिसाव्या शतकांत या मंदिरसमूहाची पाहणी करून नोंद केली. पण आईच्या लेखीं मार्कंडा म्हणजे शिल्पें नव्हेत. मार्कंडा म्हणजे महाशिवरात्रीची जत्रा, तट्ट्याच्या कमानीची रेंगी, तिच्यांत पसरलेली तणस, आणि नदीच्या वाळूंत शेंकडों बंड्यांच्या मधोमध काढलेली रात्र. लग्न होऊन शहरांत आल्यापासून ती रात्र तिला पुन्हां मिळाली नव्हती.

“सकाळीं निघूं, दर्शन घेऊं, संध्याकाळीं घरीं येऊं,” असें आम्हीं सुचविलें. त्यावर ती म्हणाली, “दर्शन तर आतां फोनांतहि होतें, बापू. मला ती रात्र पाहिजे.”

या मागणीला उत्तर देणें कठीण होतें. आईचे गुडघे वाकत नाहींत. जमिनीवर बसलेली ती आपल्या आपण उठूं शकत नाहीं. रात्रीं दोनदां तरी तिला उठावें लागतें. ओल्या जमिनीवर निजवूं नका आणि रात्रीं एकट्या चालूं देऊं नका, असें डॉक्टरांचें निक्षून सांगणें. जत्रेच्या गर्दींत खोली मिळणें दुरापास्त, आणि खोली मिळाली तरी ती म्हणजे वाळवंटांतील रात्र नव्हे. तेव्हां तिची खाट, तिचें छप्पर आणि तिची सोय नदीकांठीं न्यावयाची, एवढाच मार्ग उरला.

कामाचा आरंभ कागदांपासून करावा लागला. मोटारीमागें जोडावयाची गाडी हेंहि कायद्याच्या दृष्टीनें वाहनच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें तिलाहि नोंदणी लागते. म्हणून कागदपत्र चोख असलेली एक जुनी लहान मालगाडी आम्हीं विकत घेतली, तिच्यावर काय चढवावयाचें त्याची आधीं परवानगी काढली, आणि मग ती एका मिस्त्रींच्या हवालीं केली. या मिस्त्रींचे वडील बंडीचीं चाकें घडविणारे सुतार. त्यामुळें आमचा सारा कारभार साटी, आंस, तुंबा, धांव याच भाषेंत चाले, आणि त्या भाषेवांचून आम्हांला तो समजलाहि नसता.

पहिला धडा मिळाला तो चाकोरीचा. चाकोरीबाहेर जाणें ही आमच्या वाङ्मयांत मोठी स्तुतीची गोष्ट समजली जाते. मिस्त्रींनीं शांतपणें सांगितलें, “सर, जीपच्या दोन चाकांत जेवढें अंतर, तेवढेंच मागच्या गाडीच्या चाकांत पाहिजे. नाहीं तर जीप आपली चाकोरी पाडील आणि ही दुसरी पाडीत बसेल.” मऊ मातींत किंवा वाळूंत जीपनें दाबून दिलेल्या वाटेवरूनच मागचीं चाकें गेलीं तर ओढ निम्म्यानें हलकी लागते, नवी वाट पाडावयाची तर इंजिनाचा दम निघतो. चाकोरी सोडून जावयाचें तर बरोबर आपली एक चाकोरी न्यावी लागते, असा त्याचा अर्थ. चाकेंहि जीपचींच घातलीं, म्हणजे एकच जादा चाक दोन्हीं गाड्यांच्या उपयोगीं पडतें.

दुसरा धडा उलाळीचा. भार मागें पडला कीं बंडी उलाळ होते. जूं वर उचलतें आणि बैलांचे गळे ताणतात. मोटारीच्या जोडगाडीचेंहि तेंच. एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा पुढच्या दांडीवर यावा. तो न आला तर वेगांत ती सापासारखी वळवळूं लागते आणि पुढच्या जीपलाहि ओढून नेते. म्हणून पाण्याची टांकी आंसाच्या किंचित् पुढें बसविली. पूर्वींच्या मालगाडीच्या कमानी जड ओझ्यासाठीं केलेल्या होत्या. हलक्या भारावर त्या दबत नाहींत आणि गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळते. मिस्त्रींनीं प्रत्येक कमानींतले दोन पाटे काढून टाकले. छपरासाठीं बुरुडाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले, ते लोखंडी कमानींवर बांधले व वर ताडपत्री घातली. मागच्या बाजूस स्वयंपाकाचें कपाट झालें. त्याचा नकाशा आमच्या घरांतून आला होता आणि त्यांत फेरफार सुचविण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. एका कोपऱ्यांत पडद्याआड रात्रींच्या सोयीची खुर्ची ठेविली. प्रवासवर्णनांत हिचा उल्लेख नसतो. पण वृद्धांचा प्रवास घडतो किंवा अडतो तो हिच्यामुळेंच.

खरा पेंच पडला तो उंचीचा. नदीकांठीं जावयाचें तर धानाच्या बांध्यांतून, धुरे ओलांडीत जावें लागणार. गाडीचें पोट उंच हवें, चाकें मोठीं हवीं. पूर्वजांनीं बंडीला पुरुषभर उंचीचीं चाकें लाविलीं तीं उगाच नव्हेत. पण चाकें मोठीं तर तळ उंच. आमच्या गाडीचा तळ जमिनीपासून साडेसत्तावीस इंचांवर आला. इकडे आम्हीं घरच्या साऱ्या पायऱ्या पट्टीनें मोजल्या, तेव्हां असें दिसलें कीं आई सहा इंचांची पायरी चढते आणि आठ इंचांचीपुढें उभी राहते. तळ खालीं घ्यावा तर धुऱ्यावर आपटणार, वर ठेवावा तर जिच्यासाठीं गाडी तीच खालीं राहणार. चार दिवस मिस्त्री आणि आम्ही आंसाला बांक द्यावा कीं काय याचा खल करीत होतों. आई खुर्चीवर बसून ऐकत होती. शेवटीं ती म्हणाली, “घराला जोतें असतेंच. जोतें कोणी कमी करतें का? पायऱ्या करा.”

तसें केलें. मागें घडी घालून ठेवतां येतील अशा चार पायऱ्या झाल्या. पांच चढ, प्रत्येक साडेपांच इंचांचा, आणि बाजूला बांबूचा कठडा. बड्या कारखान्यांच्या तज्ज्ञांनीं या प्रश्नावर काय केलें असतें कोण जाणे. आमच्या घरीं तो जोत्याच्या एका शब्दांत सुटला.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशीं निघालों. चालत्या जोडगाडींत कोणीं बसावयाचें नाहीं हा नियम. आई जीपमध्यें पुढें बसली. मूलवरून हरणघाटाच्या पुलानें वैनगंगा ओलांडली. दोन्हीं अंगांना पळस फुलला होता. शेवटचा एक मैल शेतांतून होता. कापणी होऊन गेलेल्या बांध्या, मधून मधून धुरे, आणि ट्रॅक्टरांनीं पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गाडी डुलली, करकरली. पण कोठें अडली नाहीं. नदीकांठीं एका आप्तांच्या शेताच्या टोकाला तिला टेकू दिला आणि पायऱ्या उघडल्या. आई कठडा धरून एक एक पायरी चढली, वर जाऊन वळली, आणि समोरच्या वाळवंटाकडे पाहत पुष्कळ वेळ उभी राहिली.

वाळवंट तिच्या आठवणींतलें नव्हतें. बंड्या थोड्या, ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या फार. विजेचे दिवे, कर्णे, प्लॅस्टिक. आम्हांला धास्ती वाटली कीं इतका खटाटोप करून तिच्या हातीं निराशाच येणार. पण ट्रॉल्यांत तीच तणस होती, तिच्यावर तींच गोधडीं होतीं, आणि अंधार पडतांच तीन दगडांच्या चुलीहि त्याच पेटल्या. दुसरे दिवशीं रात्रीं आई खालीं खुर्चीवर बसली आणि तिच्याभोंवतीं बायका जमूं लागल्या. कोणाची कोण, कोणत्या गांवची, अशी चौकशी सुरू झाली. अर्ध्या घटकेंत तिच्या माहेरची एक नात्याची सून सांपडली, एक जण मामेबहिणीच्या गांवची निघाली. आमच्या गाडीचें कौतुक करावयास आलेले पुरुष दांडी व कमानी पाहून गेले. बायका मात्र पायऱ्यांवर बसल्या त्या उठल्याच नाहींत.

मध्यरात्रीं दंव पडूं लागलें. शेजारच्या ट्रॉलींत चारपांच महिन्यांचें मूल रडत होतें. आईनें त्याच्या आईला हांक मारली आणि आपल्या खाटेवर निजावयास सांगितलें. आम्ही पुढें होऊन म्हणालों, “आई, मग तूं कोठें निजणार?” ती म्हणाली, “शिवरात्रीला कोणी निजतें का रे?” ज्या खाटेच्या इंचाइंचाचा आम्हीं विचार केला होता, तिच्यावर त्या रात्रीं एक परकी लेक आणि तिचें तान्हें गाढ झोपलीं. आई पांघरूण घेऊन खुर्चीवर जागली. पहांटे दोघां नातवंडांच्या खांद्यांवर हात ठेवून ती वाळूंतून चाळीसएक पावलें चालली आणि वैनगंगेचें पाणी डोळ्यांना लावून परत आली. मग ती खाटेवर आडवी झाली ती दुपारपर्यंत.

स्टेबल्सची भटकी आणि आईची रेंगी या दोन्हीं घरगाड्याच. पण त्यांच्या दिशा वेगळ्या. एक निघते ती रोजच्या माणसांपासून दूर जावयास; दुसरी निघते ती जीं माणसें वर्षानुवर्षें भेटलीं नाहींत त्यांना भेटावयास. पहिलीला एकांत सांपडला नाहीं कीं ती रुसते; दुसरीला गर्दी जितकी अधिक तितकी ती भरून पावते. आमच्या काळीं पहिलीचा महिमा फार वाढला आहे, आणि पहिलीसाठीं लागणारी साधनेंहि बाजारांत मुबलक आहेत. दुसरीसाठीं लागतात त्या बुटक्या पायऱ्या, एक कठडा आणि पडद्याआडची खुर्ची. त्या कोठें विकत मिळत नाहींत, म्हणून घरोघरचीं म्हातारीं माणसें फोनांत दर्शन घेऊन गप्प बसतात.

गाडी आतां अंगणांत ताडपत्रीखालीं उभी आहे. आळींतल्या तीन वृद्धांनीं तिच्याविषयीं आडून आडून विचारणा केली आहे; एकानें तर पायऱ्या चढूनहि पाहिल्या. पुढची शिवरात्र आईला दिसेल कीं नाहीं, हें आम्ही कोणी बोलत नाहीं. ती मात्र वरच्या पायरीजवळ कठडा सैल झाला आहे, तो आवळून घ्या, असें दर आठवड्यास बजावीत असते.