दुखणं थांबलं म्हणून

आईच्या छातीत दुखायला लागलं त्या रात्री घरी भरीत-पुरी होती. जळगावात थंडीत भरीत झालं की कुणाला ना कुणाला जळजळ होतेच. तिला घाम फुटला होता, पाठ भरून आली होती, तरी मी पित्तच धरलं. सोडा पाजला, ओवा दिला, पाठीला बाम चोळला. पहाटे दुखणं थांबलं, तेव्हा मी निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थकवा हटेना, म्हणून ईसीजी काढला. ॲटॅक रात्रीच येऊन गेला होता. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत. १२ तास उलटल्यावर तो फारसा उरत नाही. ते तास मी ओव्यात घालवले.

आयसीयूत ती बोलायला लागली, चहा मागायला लागली. मी धुळ्याला मामांना फोन करून सांगितलं, धोका टळला, घाईने येऊ नका. त्यांची शेवटची भेट माझ्या त्या एका वाक्याने हुकली.

त्याच रात्री ती तळमळायला लागली. दोनदा उलटी झाली. "भाऊ, परत तसंच भरून येतंय रे," म्हणाली. गोळ्यांनी होत असेल, असं म्हणून मी तिचं तोंड पुसलं. सिस्टर हाकेच्या अंतरावर होत्या, तरी त्यांना बोलावलं नाही. थोड्या वेळाने तिची मान कलली. मॉनिटरवर रेषा अजून वरखाली होत होती; डॉक्टरांच्या बोटांना नाडी मात्र लागत नव्हती.

हृदयाची भिंत फाटली होती. रक्त न मिळाल्याने मेलेला स्नायू पुढच्या काही दिवसांत मऊ पडतो, आणि आतला दाब तर चालूच असतो. चीर गेली की रक्त बाहेरच्या आवरणात साचतं आणि हृदयालाच आवळतं. विजेचे ठोके पडत राहतात, रक्त पुढे जात नाही. वेळेत उपचार झालेल्यांमध्ये हे क्वचित घडतं. उतारवयातल्या बायका, पहिलाच ॲटॅक आणि उपचाराला उशीर, हे एकत्र आलं की धोका वाढतो. आईच्या बाबतीत तिन्ही गोष्टी होत्या. सिस्टरना हाक मारली असती तर ती वाचली असती का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण इकोची तपासणी तेव्हाच झाली असती.

घरातल्या बाईला घाम फुटून छाती, पाठ किंवा जबडा भरून आला, तर आधी १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. ॲटॅकनंतरच्या आठवड्यात दुखणं, उलटी, तळमळ परतली, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवा.